टिंबं हलत होती

४ जानेवारी

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडून निघताना तुम्ही दारात विचारलंत, "भिंगरे, तू दिवसभर ऑफिसात नेमकं करतेस तरी काय?" आणि मी "नंतर सांगते" म्हणून पळाले. गाडी गाठायची होती आणि उत्तर लांबलचक होतं. तर आता ऐका.

आमच्या कंपनीचं एक ॲप आहे, लांबलांबच्या माणसांनी एकमेकांना निरोप पाठवायचं. त्यातली पानं मांडायची आणि त्यातल्या वस्तू हलवायच्या, हे माझं काम. कुठलं बटण कुठे बसेल, त्याच्या शेजारी किती जागा मोकळी सोडायची, बोट लावलं की ते किती दबेल आणि किती वेळात परत वर येईल. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात यावं की चौथ्या, यावर परवा आम्ही चार शहाणी माणसं अख्खी सकाळ भांडलो. हसू नका.

तुमच्या फोनवर मी तेच ॲप घालून दिलंय. ते अजून लोकांना मिळालेलं नाही, तुमच्याकडे आहे ती चाचणीची प्रत. त्यातल्या दोन गोष्टी खास माझ्या. तळाशी तीन टिंबं आहेत, समोरचा माणूस लिहीत असला की ती हलतात. आणि निरोप गेला की ओळ अलगद वर सरकते. त्या सरकण्यासाठी मी सतरा दिवस घालवलेत. ओळ वर सरकली की समजायचं, पोचलं.

तुम्हाला फोनवर बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून हा खटाटोप. जमलं तर एखादी ओळ टाका. नाही जमलं तर पत्रं आहेतच, आणि खरं सांगायचं तर तुमचं पत्र आलं की मला जास्त आवडतं.

माझं इथे छान चाललंय. मैत्रिणी आहेत, सुट्टीच्या दिवशी फिरणं होतं. काळजी नसावी.

तुमची,
भिंगरी


१६ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

म्हणजे बटण किती वेळात वर येतं यावर तुला पगार मिळतो. माझ्या वडिलांना हे कळतं तर त्यांनी मला तारऑफिसात चिकटवलंच नसतं.

तुझं ॲप उघडलं. आधी काहीच दिसेना, अक्षरं मुंगीएवढी. नवी काच बसवायला चष्मेवाल्याकडे गेलो होतो, त्याने फोन हातात घेतला आणि अक्षरं शेवटच्या टोकापर्यंत मोठी करून दिली. आता एका ओळीत दोनच शब्द मावतात, पण चष्म्याशिवाय दिसतात. भला माणूस आहे.

तुझी टिंबंही पाहिली. तुला सांगतो, एकतीस वर्षं मी तारेवर बसलो. तारेच्या पलीकडे कोण आहे ते नाव विचारल्याशिवाय कळायचं, नुसत्या कट्ट-कडच्या चालीवरून. आम्ही त्याला 'हात' म्हणायचो. एका लांबच्या ऑफिसातले तारमास्तर मला जन्मात कधी भेटले नाहीत, पण ते घरी भांडून आलेत की खुशीत आहेत, हे मी पहिल्या चार ठोक्यांत ओळखायचो. तुझी टिंबं दोन झटपट आणि तिसरं जरा रेंगाळून, अशी हलतात. हा यंत्राचा हात नव्हे. माणसाचा आहे आणि ओळखीचा आहे. काकूच्या फोटोशेजारी फोन उभा करून ठेवतो. चहा पिताना समोर टिंबं हलत असतात. बरं वाटतं.

बाकी रोजचं बारीकसारीक तुला ठाऊकच आहे, ते कागदावर पुन्हा लिहीत नाही.

काका


५ फेब्रुवारी

ती. काका,
नमस्कार.

तुमचं पत्र मी आमच्या मुख्य बाईंना वाचून दाखवलं. टिंबांना 'हात' आहे म्हणालात ना, तेवढंच. त्या म्हणाल्या, "हे गृहस्थ नोकरी करतील का आपल्याकडे?" दिवसभर मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. इथे कौतुक फार जपून करतात.

कामाचा मात्र चिखल झालाय. ॲप लवकरच सगळ्यांना द्यायचं, म्हणून एकेक पान पुन्हा तपासतोय. ऑफिसात आम्ही वीस जण एका लांब खोलीत बसतो आणि सगळ्यांच्या कानात काहीतरी घातलेलं. शेजारच्याशी बोलायचं तरी निरोप टाइप करायचा. परवा लक्षात आलं की सकाळपासून मी आवाज काढला तो फक्त लिफ्टमध्ये, "तिसरा मजला" एवढाच.

तसं काही नाही, गंमत म्हणून सांगितलं.

काकूचं शिवणयंत्र अजून खिडकीशीच आहे ना? परीक्षेच्या वेळी त्याच्यावर वह्या पसरून बसायचे, आणि काकू शिवायला आली की वह्यांसकट मला उचलायची. आज का कोण जाणे, ते फार आठवलं.

तुमची,
भिंगरी


२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

शिवणयंत्राचं विचारलंस. अगं, ते दिल्याचं सांगितलं होतं की. कामात विसरलीस असेल. खिडकी आता मोठी दिसते. अंगठा बरा आहे, काळा होता तो आता पिवळा झालाय.

आणि त्या दुसऱ्या गोष्टीचं. भिंगरे, मनाला लावून घेऊ नकोस. मी सहज विचारलं होतं. तू किती वेळ लिहीत बसतेस ते मला दिसतं. सकाळी दिसतं, दुपारी दिसतं. लिहितेस आणि पाठवत नाहीस. आमच्याकडेही वाईट बातमीची तार हातात आली की चांगल्या चांगल्या मास्तरांचा हात अडखळायचा. तुझा अडखळतोय तो माझ्या मायेपोटी, एवढं मला कळतं. नको तर नको. त्यात काही बिघडत नाही.

टिंबांनी दमून जाशील. सोड तो विषय.

काका


६ मार्च

ती. काका,
नमस्कार.

तुमचं पत्र चारदा वाचलं. रागावू नका, पण मला काही उमगत नाहीये. शिवणयंत्र दिल्याचं तुम्ही मला कधी सांगितलं? अंगठ्याला काय झालं? पडलात का? आणि तुम्ही मला काय विचारलं होतंत? तुमची दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलेय. त्यांत यातलं एक अक्षरही नाही.

ॲपवर तर तुमची एकही ओळ आलेली नाही. त्याबद्दल तक्रार नाही हं, सगळ्यांना जमतंच असं नाही.

कधी कधी आपण एखादी गोष्ट सांगायची ठरवतो आणि सांगितली असंच वाटत राहतं. माझंही होतं तसं. तुम्ही एकदा डॉक्टरांकडे जाऊन याल का? नुसतं दाखवायला. अंगठ्यासाठी म्हणून जा हवं तर.

भिंगरी


१५ मार्च

भिंगरी,

सांगितलं होतं.

एकतीस वर्षांत माझ्या हातून एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. लोकांच्या घरच्या जन्ममृत्यूच्या बातम्या होत्या त्या, चूक करून भागत नव्हतं. मी एकेक ओळ लिहिली, ओळ वर सरकली, तूच म्हणाली होतीस की सरकली म्हणजे पोचली. तुला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. पण मी बोललोच नाही असं मला सांगू नकोस.

काका


२४ मार्च

प्रिय दादा,

हे पत्र काकांना कळू देऊ नकोस. फोनवर बोलायला गेले तर रडू येईल म्हणून लिहितेय.

गेल्या महिन्यात तू म्हणालास की तुझ्या बाबांना आता एकटं ठेवणं बरोबर नाही, आणि मी तुझ्यावर उखडले होते. काकांना परक्या माणसांत, एका खोलीत ठेवायचं ही कल्पनाच मला सहन झाली नव्हती. पण आता वाटतं, तुझंच खरं असावं. त्यांनी मला न सांगितलेल्या गोष्टी सांगितल्या म्हणून ते ठामपणे लिहितात. मी दिवसभर त्यांना काहीतरी लिहीत असते असं त्यांना दिसतं. खरंच दिसतं, असं लिहिलंय. ओळ पाठवली म्हणतात. मी आमच्याकडे नोंदी काढून पाहिल्या, त्यांच्या फोनवरून एकही निरोप निघालेला नाही. अंगठ्याला लागलंय, बहुतेक पडले असावेत, कधी तेही आपल्याला कळलं नाही.

तू तिथून येऊन वृद्धनिवासाचं काय ते ठरव. माझा विरोध नाही.

काकूनंतर त्यांना आपणच दोघं आणि आपण दोघंही लांब.

तुझी,
भिंगरी


१२ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मागचं पत्र मी चिडून लिहिलं. विसरून जा. विसरणं आता आपल्या घरात सोपं झालंय म्हणे.

दादा येऊन गेला. चांगला वागला. जागा दाखवायला घेऊन गेला होता. खोली स्वच्छ आहे, खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते. जेवण वेळेवर. मी हो म्हटलं. एक मेला जायचं.

मी हो का म्हटलं ते तुला सांगतो. तू खोटं बोलणारी मुलगी नाहीस. चार वर्षांची असताना माझ्या शाईच्या दौतीत पाणी ओतलंस आणि स्वतः येऊन सांगितलंस. मग तू जर म्हणतेस की मी सांगितलं नाही, तर मी सांगितलं नसणार. रोज दुपारी खिडकीशी बसून जे लिहिल्याचं मला आठवतं ते मी मनातच लिहीत असणार. माणसाला स्वतःचा हात ओळखू येईनासा झाला की उठावं, असं आमचे वरिष्ठ म्हणायचे. मी आता उठतो.

फोन सोबत पाठवतोय, तूच घेऊन दिलेला. तिथे मला त्याचा उपयोग नाही. खोक्यात घालताना टिंबं हलत होती. मी बघत बसलो जरा वेळ. खरी की माझ्या डोक्यातली, ते आता मला सांगता येत नाही, पण मग त्यांच्यावर कागद गुंडाळायला हात होईना.

काका


२० एप्रिल

काका,

आधी हे वाचा, बाकीचं मागाहून. तुम्ही सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. तुमचं डोकं ठणठणीत आहे आणि चूक माझी आहे, शंभर टक्के माझी.

आता कशी ते सांगते. खोकं ऑफिसातच आलं. फोन चालू केला तर टिंबं हलत होती. समोर माझा फोन बंद पडलेला, मी काहीही लिहीत नव्हते, तरी हलत होती. तेव्हा आठवलं. टिंबांची चाल नीट बसवताना ती सारखी बघता यावीत, म्हणून मी आमच्या प्रतीत ती कायम हलती ठेवली होती. नंतर ते काढायचं राहिलं आणि तीच प्रत तुमच्या फोनवर घातली. तुम्हाला दिसत होतं ते खरंच दिसत होतं, काका. तुम्ही जानेवारीतच लिहिलं होतंत, चहा पिताना टिंबं हलत असतात म्हणून, आणि मी ते कौतुक समजून फुशारले.

दुसरी चूक याहून वाईट. निरोप लिहायच्या चौकटीशेजारी 'पाठवा' असं बटण असतं. अक्षरं शेवटच्या टोकापर्यंत मोठी केली की आमची चौकट फुगते आणि बटणाला ढकलत ढकलत पडद्याच्या बाहेर घालवते. तुमच्या फोनवर ते बटण कधी नव्हतंच. हे आमच्या लक्षातच आलं नाही, कारण आम्ही वीस जण स्वतःच्या फोनवर तपासतो आणि आमच्यातल्या कुणाला चष्म्याशिवाय दिसायचं अडत नाही. तुम्ही लिहिलंत, चौकट भरली, वरची ओळ वर सरकून दिसेनाशी झाली. आणि मीच तुम्हाला सांगून ठेवलं होतं, सरकली की पोचली.

एकही ओळ पोचली नाही. एकही ओळ हरवलीही नाही. सगळं त्याच चौकटीत एकाखाली एक साठून राहिलंय. मी वर ओढत गेले, वर, आणखी वर, पार जानेवारीपर्यंत. तुम्हाला न विचारता वाचलं. क्षमा करा.

"पोचलं का?"

"आज शिवणयंत्र शाळेतल्या शिवणबाईंना दिलं. खिडकी मोठी दिसते. बघवत नाही."

"न्हाणीत घसरलो. अंगठा काळानिळा. दादाला सांगू नकोस."

"आज फक्त दूधवाल्याशी बोललो. तो हूं म्हणाला."

"भिंगरे, आठ दिवस तुझ्याकडे येऊ का? माझा त्रास होणार नाही. स्वयंपाक मी करीन."

"टिंबं हलतायत. सावकाश लिही."

"अजून हलतायत. तुला नाही म्हणायचं असेल तर म्हण, मी काही वाईट वाटून घेणार नाही."

"आज टिंबांशीच जेवलो."

इथे मला पुढचं दिसेनासं झालं. शेजारी बसणाऱ्या मुलीने कानातलं काढून विचारलं, "काय झालं गं?" तीन वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याशी तोंडाने बोलली. मी तिला तुमचा फोन दाखवला. मग मुख्य बाई आल्या, मग सगळेच. वीस माणसं उभी राहून तुमची चौकट वाचत होती.

अजून एक कबुली. टिंबांचा हात तुम्हाला ओळखीचा वाटला होता ना? तो तुमचाच आहे. सुरुवातीला सगळे म्हणाले की टिंबं निर्जीव हलतात. मला एकदम तुमची बोटं आठवली, जेवायच्या टेबलावर काकूची वाट बघत तुम्ही वाजवायचात ती. दोन झटपट, तिसरं रेंगाळून. मी तो ठेका टिंबांना दिला. चार महिने तुम्ही स्वतःच्याच हाताकडे बघत बसला होतात, आणि मी तुम्हाला लिहिलं की डॉक्टरांकडे जा.

आणि दादाला मी लिहिलं होतं की तुम्हाला निवासात ठेवायला माझा विरोध नाही. हे तुम्हाला ठाऊक नसेल, पण दौतीसारखंच, मीच येऊन सांगते. त्याला काल सगळं कळवलं. त्याने लगेच निवासात फोन केला. एक मेचं रद्द.

फोन दुरुस्त करून परत पाठवतेय. बटण आता चौकटीच्या खाली बसवलंय, अक्षरं कितीही मोठी होऊ देत, ते जागचं हलणार नाही. चौकटीतलं तुमचं काही मी पाठवलंही नाही आणि पुसलंही नाही. ते तुमचं आहे. टिंबं आता मी खरोखर लिहीत असेन तेव्हाच हलतील.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, अडीच महिने उशिरा. या. आठ दिवस कसले, हवे तितके या.

भिंगरी


९ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

घरी सुखरूप पोचलो. झाडांना शेजाऱ्यांनी पाणी घातलं होतं, जरा जास्तच. दादाने मनाच्या शांतीसाठी डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावलं. दोनवर पोचल्यावर मी विचारलं, "शून्याच्या खाली उतरू का?" ते म्हणाले, "नको, घरी जा."

तुझ्याकडचे एकवीस दिवस चांगले गेले. तुझ्या मुख्य बाईंनी ऑफिसात बोलावून माझ्या हातात वीस फोन दिले आणि "काय दिसत नाही ते सांगा" म्हणाल्या, तो दिवस तर फारच चांगला गेला. सतरा चुका काढल्या. त्यांतल्या तुझ्या फक्त चार होत्या.

आता एक गोष्ट लिहितो. तुझ्या घरात चहाचा कप एकच होता. पहिल्या दिवशी तू पाण्याच्या ग्लासात चहा घेतलास आणि म्हणालीस, बाकीचे फुटले. भिंगरे, फुटलेले नव्हते. कधी आणलेच नव्हते. एकवीस दिवसांत दारावर एकही मैत्रीण आली नाही. रविवारी तू कपाट दोनदा आवरलंस. मी काही बोललो नाही, कारण तू माझ्यासमोर जे लपवत होतीस तेच मी काकू गेल्यापासून चार वर्षं तुझ्यापासून लपवत होतो. निघताना कपाटात दुसरा कप ठेवलाय, बघितलाच असशील.

टिंबांचं सांगतो. आता ती खरी झाली आहेत आणि बहुतेक वेळ हलत नाहीत. पूर्वी उठलो की तू लिहीत असायचीस, चहाला असायचीस, जेवायला असायचीस. आता सबंध दिवस फोन काकूच्या फोटोशेजारी गप्प उभा असतो. तू दुरुस्त केलंस ते योग्यच केलंस, माझं डोकं मला परत मिळालं, हे काही थोडं नव्हे. पण घर मात्र रिकामं झालं. तुझ्यापाशी खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिलं.

परवा साडेपाचला हलली. तीनच मिनिटं. चहा गार झाला, पण मी उठलो नाही. मग तुझी ओळ आली, "काका, वीजबिलाची पावती मिळाली का?" एवढीच.

एक मागतो. रविवारी पाच वाजता तुला काही काम नसतं, मी पाहिलंय. तेव्हा फोन घे आणि काहीही टाइप करत राहा. पाठवू नकोस. अआइई लिही आणि पुसून टाक. मीही इकडे तेच करीन. माझ्याकडे तुझी टिंबं हलतील, तुझ्याकडे माझी. पंधरा मिनिटं पुरेत.

दुसऱ्या कपात चहा ओतून ठेव समोर.

काका